अर्धा कोयता

बोरवस्ती, ता. पाथर्डी
२७ ऑक्टोबर

वैजूदादा,

नमस्कार वगैरे लिहीत नाही. गेल्या वर्षी ग्रामसभेत मी सगळ्यांसमोर म्हणाले की मुकादम लोक शाळेतली पोरं उचलून ऊसतोडीला नेतात, तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. फोन केला तर ‘मीटिंगमधी हाय’ म्हणून ठेवून देतोस. मुकादमाला कसल्या एवढ्या मीटिंगा असतात देव जाणे! म्हणून कागदावर लिहितेय. कागद मध्येच कट करता येत नाही. फाडता येतो, पण तू आधी वाचशील आणि मग फाडशील. सख्खा भाऊ आहेस, एवढं तरी मला ठाऊक आहे.

काल तू माझ्या वर्गात आलास. न विचारता, चपला घालून. ते राहू दे. आधी तू आलास तेव्हा वर्गात काय चाललं होतं ते ऐक, कारण त्याचा तू भलताच अर्थ काढला आहेस.

यंदा दिवाळी उशिरा आली आणि कारखान्यांना घाई झाली. टोळ्या दिवाळीच्या आधीच निघणार. त्यामुळे नवरात्राच्या आधीपासूनच माझ्या एकाही पोराचं चित्त थाऱ्यावर नाही. रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला की अख्खी चौथी-पाचवी खिडकीत. कुणाचा ट्रॅक्टर, कुठल्या कारखान्याचा, यावरून मारामाऱ्या. फळ्यावर मी काय लिहिते याच्याशी कुणाला घेणंदेणं नाही. आमचे हेडमास्तर कल्याण सर म्हणाले, “धनश्रीबाई, दिवाळीचं काहीतरी करून घ्या. सुट्टीच्या तोंडावर पोरं तशीच रमतात.” मी पदरच्या पैशानं रंगीत कागद आणले आणि आकाशकंदील करायला बसवलं. जरा पाठ फिरवली तर निम्म्या कागदांची विमानं झालेली. मी ओरडले. तेव्हा आदिनाथ नावाचं एक कार्टं उभं राहिलं आणि म्हणालं, “बाई, कंदील लावायचा कुटं? फडातल्या कोपीला? पेटून जाईल की समदी!” सगळा वर्ग खदखदून हसला. मला हसू आलं नाही. ज्यांची दिवाळी उसाच्या फडात, पाचटाच्या झोपडीत होणार, त्यांना मी कंदील करायला लावत होते.

मधल्या सुट्टीत त्यांचा एकच खेळ असतो. एक जण मुकादम होतो, बाकीच्यांच्या जोड्या. बाजरीच्या वाळल्या ताटांचं सरमड म्हणजे ऊस. तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन पळायचं. मी म्हटलं, यांचं मन जर तिथेच आहे तर शाळाच तिथे न्यावी. दुसऱ्या दिवशी सरमड वर्गात आणलं. एका मोळीत ताटं किती, ट्रॉलीत मोळ्या किती, हा गुणाकार. इथून कोपरगावला जाताना गावं कोणती आणि नदी कोणती, हा भूगोल. फडावरून आजीला चिठ्ठी लिहा, ही मराठी. आणि दादा, वर्ग बसला! बाहेरून ट्रॅक्टर गेला तरी मान वर झाली नाही. शिकवायला लागल्यापासून दिवाळीच्या तोंडावर माझा वर्ग असा कधी बसला नव्हता. मी मनातून फुगले होते, खोटं कशाला बोलू.

तू नेमका तेव्हा आलास. तुझ्या टोळीतल्या कानिफनाथ-छबूबाईची लेक निकिता मोळी बांधत होती. पाचवीत आहे, वर्गात गणितात पहिली. तू सरळ आत येऊन तिची मोळी एका हातानं उचललीस, गदागदा हलवलीस. एक ताट निसटलं नाही. “लई भारी,” म्हणालास. “ही बांधनी कुनी शिकवली गं?” आणि माझी सगळी पोरं एका दमात ओरडली, “बाईंनी!”

तू माझ्याकडे बघून हसलास. वर्षभरात पहिल्यांदा. मलाही बरं वाटलं, हे लिहिताना स्वतःचा संताप येतोय. कारण संध्याकाळी तू कानिफनाथच्या ओट्यावर बसून सांगितलंस, “पोरगी तयार हाय. यंदा तुमाला दीड कोयता धरू.”

नवरा-बायको मिळून एक कोयता, हा तुमचा हिशेब. अकरा वर्षांची पोर म्हणजे अर्धा. मी शिकवलेल्या गणितात हा अपूर्णांक नव्हता. निकिताला सोड. तिची आजी साळूबाई वस्तीवर राहणार आहे, पोर तिच्यापाशी राहील आणि शाळेत येईल. दुसरं काही मागत नाही.

धनश्री


बोरवस्ती
१ नोव्हेंबर

वैजूदादा,

तुझं उत्तर मिळालं. लिहायला तुला सवड नाही, म्हणून कानिफनाथच्या तोंडी पाठवलंस. बिचारा शाळेच्या फाटकाशी उभा राहून, मान खाली घालून, पाठ केल्यासारखं बोलला, “मुकादम म्हनले, बाईला सांग, मी पाचवीत कोयता धरला म्हनून ती आज खडू धरून हाय.”

हे वाक्य तू किती वर्षं जपून ठेवलं होतंस रे? आणि ते माझ्यापर्यंत पोचवायला माझ्याच विद्यार्थिनीचा बाप सापडला तुला?

बरं, काढलंच आहेस तर ऐक. आई-बापू तुला फडावर घेऊन गेले आणि मला पाथर्डीला आत्याकडे ठेवून गेले. तुला कुणी विचारलं नाही, मलाही नाही. ट्रक निघाला तेव्हा तू मागच्या फळीवर उभा होतास आणि मला वाकुल्या दाखवत होतास, कारण तुला वाटत होतं मजा तुझ्या वाट्याला आली. पुढच्या वर्षी तू वाकुल्या दाखवल्या नाहीस. त्याच्या पुढच्या वर्षी तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. माझी डी.एड.ची फी तुझ्या घामातून गेली, हे मी कधी नाकारलं? तुला माझा राग येत असेल तर ये. दारात उभा राहून शिव्या दे. तो तुझा हक्क आहे, मी ऐकून घेईन. पण जे तुझ्यावर झालं ते वाईट झालं, एवढं एकदा तरी तोंडातून काढ ना! वाईट झालं म्हणून दुसऱ्याच्या पोरीवर तेच करायचं, हा कुठला न्याय?

मी काल छबूबाईकडे गेले होते. ती भांडी पोत्यात भरत होती. माझं बोलणं तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग तीच माझ्यावर उखडली. “बाई, आमी काय हौसंनं नेतो व्हय पोरीला? ह्यांची पाठ गेल्या साली धरली. मोळी उचलाया वाकले का डोळ्यातनं पानी येतं. टोळीतली लोकं बोलत्यात, तुमच्यामुळं गाडी भरत न्हाई. मग निकी बांधंल, मी तोडीन, हे जमंल तसं करतील. तुमी सांगा मला दुसरं काय करू?”

कोपऱ्यातून साळूबाई म्हणाली, “पोरीला माज्यापाशी ठिवा. मी हाय की. मी अजून मेले न्हाई.” छबूबाईनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. निकिता उंबऱ्यात बसून कोयत्याच्या मुठीला चिंधी गुंडाळत होती, इतकी नीटनेटकी, जशी ती वहीला कव्हर घालते.

मला छबूबाईचा राग आला नाही. तुझा आला. तिच्यापाशी निदान कारण आहे.

धनश्री


बोरवस्ती
५ नोव्हेंबर

वैजूदादा,

परवा तुझ्या घरी येऊन अपमान करून घेतला, तो विसरले नाहीये. वहिनींनी चहा ठेवला आणि तू चहा यायच्या आत गाडीची किल्ली उचललीस. निकिताच्या नावानं दिलेली आगाऊ उचल मी भरते म्हणाले, तर तू म्हणालास, “पैशानं मोळी बांधली जात न्हाई, धने. हात पायजेत हात. तुझ्या शाळंत हायेत का रिकामे हात?” आणि गेलास. वहिनी बशी हातात घेऊन तशाच उभ्या.

तुझी तक्रार करता येते, तेही मला माहीत आहे. अर्ज दिला तर साहेब येतील, पोरांसोबत फोटो काढतील, चहा पितील आणि जातील. गेल्या वर्षी बघितलं ना आपण दोघांनीही. म्हणून अर्ज करत नाही. तुला लिहितेय, म्हणजे बघ माझी काय दशा झाली आहे.

वर्ग आता विरळ होत चाललाय. रोज कुणी ना कुणी जातंय. जी उरलीत ती चेकाळलीत. बाकांवरून उड्या, एकमेकांची दप्तरं खिडकीतून बाहेर. मी ते सरमड उचलून उकिरड्यावर टाकून आले होते. पोरं माझ्यावर रुसली. आदिनाथ म्हणाला, “मग आता करायचं काय वो बाई? दिवस जात न्हाई.” खरं होतं. वर्ग गप्प बसवणं मला जमतं, पण ते शिकवणं नव्हे.

शेवटी मी म्हटलं, चला, तोच खेळ. पण आज मोळ्या बांधायच्या नाहीत, आज बोलायचं. आदिनाथ मुकादम. बाकीची टोळी. टोळीला मुकादमाला काहीतरी सांगायचं आहे, सांगा. पोरं खूष झाली. आदिनाथनं माझं डस्टर मोबाईलसारखं कानाला लावलं आणि तुझ्यासारखाच खाकरला. हुबेहूब! एवढं हसलो आम्ही. मग एकेक जण पुढे यायला लागलं आणि दादा, कुणालाही बोलता येईना. जी पोरं माझ्याशी दिवसभर हुज्जत घालतात, ती त्या खोट्या मुकादमासमोर आली की हात मागे बांधायची आणि जमिनीकडे बघायची. कुणी म्हणालं, “व्हय मुकादम.” कुणी नुसतंच उभं राहून परत गेलं. टवाळी कधी थांबली ते मला कळलंच नाही.

निकिता उठलीच नाही. महिनाभर खिडकीला लटकणारी पोर आता हाताची घडी घालून बसते. ट्रॅक्टर गेला तरी हलत नाही. कल्याण सर म्हणतात, “बघा, कशी शहाणी झाली.” मला त्यांच्या अंगावर डस्टर फेकावंसं वाटलं.

ती जागची न उठता एवढंच म्हणाली, “बाई, सुट्टी पडल्यावर माझं नाव कापू नका.”

आता तूच सांग, मी तिला काय सांगू? की तिला तू नेतोयस, पण बांधणी मी शिकवली?

धनश्री


बोरवस्ती
८ नोव्हेंबर

वैजूदादा,

आज शाळेचा शेवटचा दिवस होता. उद्यापासून दिवाळीची सुट्टी, आणि उद्या सकाळीच तुझा ट्रॅक्टर वस्तीवर येतोय.

हात पाहिजेत म्हणाला होतास. मिळाले. निकिताच्या जागी मी येतेय.

हसू नकोस आणि जीप घेऊन धावत येऊ नकोस. सगळं ठरलंय. निकिता साळूबाईपाशी राहील. छबूबाई आधी म्हणाली, “बाई, येड लागलं का तुमाला?” कानिफनाथ तर पायाच पडायला लागला, “लोक काय म्हनतील, मास्तरीन मोळ्या बांधती!” मी म्हटलं, लोकांना जे म्हणायचं ते मुकादमाला म्हणू दे, बहीण त्याची आहे. घरी हे म्हणाले, “दिवाळीत माहेरी जाणाऱ्या बायका बघितल्या होत्या, ऊस तोडायला जाणारी पहिलीच.” रागावले आहेत, पण ताडपत्री आणि टॉर्च त्यांनीच बांधून दिली.

सुट्टी आहे तोवर मी आहे. पुढचं पुढे. तुझ्या गाडीत एक पोर कमी बसेल, तेवढ्या दिवसांपुरतं तरी. मला तोडणी येत नाही. बांधणी येते, असं तुझंच म्हणणं आहे.

सगळ्यांसमोर मला खाली उतरवायचं असेल तर उतरव. हाताला धरून ओढावं लागेल.

धनश्री


कोपरगावजवळ, फडावर
१५ नोव्हेंबर, भाऊबीज

वैजूदादा,

तुझ्या तंबूपासून चार कोप्या सोडून बसलेय आणि तरी लिहितेय. दुपारी जे झालं त्यानंतर तू मला समोर उभी करणार नाहीस.

पहिल्या दिवशी तू मला ट्रॉलीवर बघितलंस आणि तोंड फिरवलंस. उतरवलं नाहीस. मला वाटलं होतं तू ओरडशील, आणि मी त्यासाठी रात्रभर वाक्यं जुळवली होती. ती सगळी वाया गेली. मग तू चहा पाठवायला लागलास, काचेच्या कपात, फक्त माझ्यासाठी. मी तो रोज टोळीतल्या लंकाबाईच्या म्हाताऱ्या सासऱ्याला देते. माझ्या पहिल्या मोळ्या उचलताक्षणी सुटल्या. छबूबाई म्हणाली, “बाई, ही मोळी हाय का तुमचा पाचवीचा वर्ग?” बायका पोट धरून हसल्या. मीही हसले. संध्याकाळी हात पाण्यात घातले तेव्हा मात्र रडले. उसाच्या पात्यांनी मनगटापासून कोपरापर्यंत चरे पडलेत, त्यांत घाम गेला की जीव जातो. सरमड मऊ असतं, दादा. मी त्या पोरांना सरमडानं शिकवत होते. आणि तू हे पाचवीच्या वयात केलंस. रोज एकदा तरी हे मनात येतं आणि तुझ्यावरचा राग जरा ढिला पडतो. मग आजूबाजूला मोळ्या वाहणारी पोरं दिसतात आणि तो परत चढतो.

आज वहिनी तुझ्या लेकीला, आरतीला, घेऊन आल्या. डब्यात करंज्या, ओवाळणीचं ताट, तुझ्यासाठी नवी टोपी. भाऊ-बहिणीचं भांडण मिटावं म्हणून एवढ्या लांबून आल्या बिचाऱ्या. आरतीचं नाव मी आजवर एकाही पत्रात काढलं नव्हतं. ती निकिताएवढीच आहे, नगरला इंग्रजी शाळेत जाते, हे लिहायला हात शिवशिवत होता. पण भांडणात लेकरू ओढायचं नाही म्हणून गप्प बसले. माझी भाची आहे ती, माझाही जीव आहे तिच्यावर.

तू पोत्यावर बसलास, टोपी घातलीस. मी निरांजन लावलं. खरं सांगते, मी ओवाळणार होते. सगळं विसरून नाही, पण ओवाळणार होते. तुझ्या कपाळाला कुंकू लावत होते तेव्हा आरतीनं माझे हात बघितले. “आत्या, दुखतंय का गं? तू बस, मी बांधते तुझ्या मोळ्या,” म्हणाली आणि उड्या मारत गेली. छबूबाईनं तोडून टाकलेल्या उसाशी बसली आणि दोन्ही हातांनी उसाचा कवळा कवेत भरला.

तू ताडकन उठलास. ताट उडालं, करंज्या मातीत. केवढ्यानं ओरडलास! “आरते! सोड ते! हात लावू नको, हात फाटत्याल!”

फडातले सगळे कोयते थांबले. आरती घाबरून उभी राहिली. आणि छबूबाई कमरेत सरळ झाली. जी बाई तुझ्यासमोर पदर सावरल्याशिवाय उभी राहत नाही, ती कोयता हातात तसाच धरून म्हणाली, “का वो मुकादम? आमच्या पोरींचे हात काय लाकडाचे हायेत?”

तू आरतीला उचललंस, एवढ्या मोठ्या पोरीला उचलून जीपमध्ये बसवलंस आणि तंबूत गेलास. अजून बाहेर आलेला नाहीस.

तू आत होतास तेव्हा इकडे काय ठरलं ते ऐक. छबूबाईनं कानिफनाथला सांगितलंय, माझी सुट्टी संपल्यावरही निकी येणार नाही, गाडी भरो नाहीतर न भरो. कानिफनाथ म्हणाला, “मुकादमाला सांगनार कोन?” ती म्हणाली, “सांगितलं की मगाशीच.” लंकाबाईनं तिच्या पोराला हाक मारून मोळी खाली ठेवायला लावली. आणखी दोन-तीन कोप्यांतून कुजबुज चालू आहे, तुला तंबूत ऐकू येत असेल.

मी शाळा उघडायच्या आदल्या दिवशी परत जाईन. तोवर बांधेन. तुझ्या कपाळाचं कुंकू अर्धंच राहिलंय, मला माहीत आहे. पण दादा, आज त्या बाईनं तुला जे विचारलं त्याचं उत्तर आधी दे. मला नको, तिला दे. सकाळी टोळी फडात उतरली की सगळ्यांसमोर उभा राहा आणि सांग, आरतीला बघून तू का ओरडलास. खरं ते सांग. तुला ते माहीत आहे, पाचवीपासून माहीत आहे.

ते सांगितलंस की मी ओवाळीन, दिवाळी उलटून गेली तरी.

धनश्री